गाडीला भोक पाडायचं नाही

माझे सोलापूरचे घरमालक आपल्या मोटारसायकलला काहीही लावायला तयार असत. फक्त तिला भोक पाडायला तयार नसत.

टांग्याचा पितळी दिवा तिला होता. छत्री उभी करायला पत्र्याचं नळकांडं होतं. पाण्याचा तांब्या अडकवायला आकडा होता. विलायती भोंगा त्यांना बेडकासारखा वाटे, म्हणून त्यांनी हँडलला घंटा लावली होती. ती वाजली की गल्लीतल्या म्हाताऱ्या सवयीनं हात जोडत. टाकीच्या पुढे विभूतीची डबी होती, मागे अर्धं पोतं ज्वारी आडवी बसेल अशी जाळी होती. आणि यातली एकही वस्तू स्क्रूनं बसवलेली नव्हती. प्रत्येकीसाठी ते लोखंडी पट्टीच्या दोन अर्ध्या बांगड्या वाकवत, आत चामड्याची चकती घालत, आणि कासार बायकांच्या हातात बांगडी भरतो तितक्या हळुवारपणे ती जोडी गाडीच्या नळीवर चढवून बोल्ट आवळत.

"आज लावलं, उद्या काढलं. गाडीला कळलंबी न्हाय पायजे," ते म्हणत. "भोक पाडलं की ते जन्माचं. साहेबाच्या पोरीला मी काय म्हणून भोक पाडू?"

साहेबाची पोरगी म्हणजे ही गाडी. ते गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते. तिथला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती त्यांना देऊन गेला होता. साहेबानं ती वर्षभर नुसतीच चालवली, याचं त्यांना फार नवल वाटे. "विलायतेत नुसती गाडी करत्यात," ते सांगत, "तिचा संसार आपल्यालाच मांडावा लागतोय."

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. गाव मालवणच्या बाजूला, समुद्रकाठी. मराठी तिसरीत शाळा सुटली ती वडिलांच्या होडीवर हात कमी पडला म्हणून, आणि पुढे होडीच राहिली नाही म्हणून मी सोलापूरला गिरणीच्या गोदामात कापडाचे गठ्ठे बांधायला आलो. दोरखंडाच्या गाठी मारता येत होत्या, तेवढंच माझं शिक्षण. आठ ठिकाणी खोली विचारली. आठही ठिकाणी पहिला प्रश्न, "खाणं काय?" मालकांनी मात्र विचारलं, "झोपताना घोरतोस काय?" नाही म्हटल्यावर खोली मिळाली. ते लिंगायत, घरात कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य. त्यांनी खाण्याचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून सहा महिने मी खोलीत असलो की दाराला आतून कडी लावून बसे.

कारण माझ्या ट्रंकेत सुकट होती. आईनं दिलेली. मी ती उघडतसुद्धा नव्हतो, नुसता वास घेऊन पुन्हा बांधून ठेवायचो. एका रविवारी बाहेरून आलो तर मालक माझ्या दारात नाक वर करून उभे.

"काय मेलंय हितं?"

मी म्हणालो, "मालक, मी उद्या खोली सोडतो."

"खोलीचं कोण इचारलं? काय मेलंय म्हणून इचारलो."

"सुकट आहे. सुकी मासळी. आईनं दिलीय."

त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं. मग म्हणाले, "किती दिवस टिकती?"

"नीट ठेवली तर वर्षभर."

"वर्षभर!" त्यांच्या आवाजात एकदम आदर आला. फिटर माणूस, टिकाऊ मालाची त्यांना कदर होती. त्यांनी ट्रंकेपासून चार हात लांब उभं राहून पुरचुंडीची लांबीरुंदी विचारली आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशी मोटारसायकलच्या मागच्या बाजूला पत्र्याचा एक नवा डबा दोन बांगड्यांवर बसलेला होता. झाकणाला ट्यूबचं रबर लावलेलं, वास म्हणून बाहेर येऊ नये.

"घरात चालत न्हाय," ते म्हणाले. "गाडी म्हंजे घर न्हाय. ती पेट्रोल पिती, तिला कसला आलाय विटाळ? ठेव त्यात."

तेव्हापासून माझी सुकट रोज सकाळी गिरणीत जाई आणि संध्याकाळी परत येई. मला कधी फारच आठवण झाली तर ते गाडी मागच्या माळावर नेऊन उभी करत आणि मी तीन दगडांवर ती भाजून खाईपर्यंत पाठ करून उभे राहत. एकदा तोंड न वळवताच त्यांनी विचारलं, "बरी लागती काय?" मी हो म्हणालो. "मग हळू खा की. घाई कसली?" माझ्या उभ्या आयुष्यात असं कोणी माझ्यासाठी पाठ करून उभं राहिलेलं नाही.

त्यांचं दुसरं वेड सरळपणाचं. खिशात कायम ओळंबा. कुणाच्याही घरी गेले की बोलता बोलता दोरी सोडून भिंत तपासत. माझं अंथरूण पहिल्याच रात्री त्यांनी भिंतीला समांतर करून दिलं. तिरकं झोपलं की स्वप्नं वाकडी पडतात म्हणे. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणे, ती सांगायची, "माझ्या लग्नात मांडवाचा खांब तिरका हाय म्हणून ह्या माणसानं मुहूर्त थांबवला. माझा बाप म्हणाला, जावई शाणा हाय. मी म्हणाले, आजच पळून जाऊ काय?"

"मग गेली न्हाईस ते?" मालक.

"तवा गुडघं चांगलं होतं, अक्कल न्हवती. आता अक्कल हाय तर गुडघं न्हायती."

हे विनोदानं चाले, पण गोष्ट खरी होती. अक्काचे दोन्ही गुडघे संधिवातानं आखडून काठीसारखे सरळ झाले होते. मी आलो तेव्हा ती चार वर्षांत उंबऱ्याबाहेर गेलेली नव्हती. मालकांनी तिला दारात एक उंच चौरंग करून दिला होता. त्यावर पाय समोर लांब करून ती बसे आणि तिथूनच सगळी गल्ली चालवी. टांग्यात चढता येत नसे. मोटारीत पाय दुमडल्याशिवाय बसता येत नसे. बैलगाडीत एकदा आडवी घालून पाहिली तर वेशीपर्यंतच्या हादऱ्यांनी ती आठवडाभर रडली. तिचा आवाज मात्र सगळीकडे फिरून येई. मला ती तम्मा म्हणे. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला कळायला महिना लागला. तोवर मी माझं काहीतरी चुकलं की ती तसं म्हणते, अशा समजुतीनं घाबरून राही.

आणि मग कुंभारीहून नोटीस आली.

कुंभारी हे अक्काचं माहेर, सोलापूरहून सहा मैल. भाऊ नव्हता, म्हणून वडिलांनी मरताना शेत तिच्या नावे करून दिलं होतं. शेताच्या कडेला विहीर होती, त्या कोरड्या रानात बारमाही पाण्याची. शेजारचं रान तिच्या चुलतभावाचं. अक्का चार वर्षं फिरकली नाही, तेवढ्यात त्यानं हद्दीचा दगड उपटून अलीकडे सरकवला होता, असा की विहीर त्याच्या बाजूला गेली. आता सरकारी मोजणीदार यायचा होता. त्या दिवशी दगड जिथे असेल ती हद्द कागदावर कायमची होणार होती.

मालक आधी एकटेच जाऊन आले. माणूस जन्माचा गिरणीतला. त्यांना सगळी शेतं सारखीच. ते तासभर कुणा तिसऱ्याच माणसाच्या शेतात उभे राहून भांडले, हे त्यांना परत येताना कळलं. चुलतभावानं हसून हसून पोट धरलं आणि चार माणसांत म्हणाला, "दाजी, तुमी कशाला तरास घेता? अक्कालाच आणा की. तिनं येऊन दगड दाखवला तर मी मुकाट्यानं सही करतो."

"असं म्हणाला?" अक्कानं विचारलं.

"असंच म्हणाला."

"त्याला म्हाईत हाय मी येत न्हाय ते." तिनं चौरंगावर हात आपटला. "पर दगड मला म्हाईत हाय. वरचा न्हवं, खालचा. अप्पानं एक दगड खाली पुरलाय, कोळसा घालून. मी नऊ वर्साची होते, संगं उभी होते. जागा सांगून सापडायची न्हाय. तितं जायला पायजे."

मालक म्हणाले, "चौघं जण खाटेवर घालून नेऊ."

"खाटेवर घालून गावात नेत्यात ते मढं. मी जित्ती जाणार."

मोजणीला सतरा दिवस होते. मालकांनी त्या संध्याकाळी जेवण केलं नाही. ते दारात उकिडवे बसून अक्काच्या समोर पसरलेल्या पायांकडे बघत राहिले, मग उठले आणि काठीनं तिची लांबी मोजली, डोक्यापासून टाचेपर्यंत.

"आता काय, तिरडी करता काय?" अक्का म्हणाली.

"साइडकार करतो."

मोटारसायकलच्या डाव्या बाजूला जोडायची ती एकचाकी गाडी मी तोवर पाहिली नव्हती. त्यांनीही एकदाच, साहेबाच्या मासिकातल्या चित्रात पाहिली होती. पण त्यांचं म्हणणं बिनतोड होतं: तिच्यात माणूस पाय लांब करून बसतो, आणि ती जमिनीपासून वीतभरच उंच असते. अक्काला चढायचं नव्हतं, नुसतं मागे टेकायचं होतं. चाक एका भंगारातल्या मोटारसायकलचं मिळालं. सांगाडा त्यांनी लोखंडी नळ्यांचा केला. आणि बसायला गिरणीतून निकामी म्हणून टाकलेली बॉबिन भरायची लांबोळी वेताची टोपली आणली, एका बाजूनं कापून तिला दार केलं.

"टोपली?" अक्का कडाडली. "मी काय कांदे हाय काय, टोपलीत घालून न्यायला?"

"वेत हलका असतोय. हादरा खातोय. बसून तर बघ."

ती बसली. पाय लांब झाले. पाठ टेकली. मग टोपलीच्या दोन्ही कडांवर हात ठेवून म्हणाली, "कांद्याची चैन हाय म्हणायची."

टोपलीचा सांगाडा गाडीला चार जागी जोडायचा होता. वर्कशॉपातले सगळे म्हणाले, नळीला चार भोकं पाड, बोल्ट मार, मोकळा हो. दिवस कमी, काम अवघड. मालकांनी ऐकलं नाही. चार जागी चार जाड बांगड्या, प्रत्येकीखाली चामडं. यातच नऊ दिवस गेले. मग त्यांनी गिरणीतलं पिळाचं सूत आणलं, गाडीच्या दोन्ही चाकांना लावून ताणलं, दुसरं सूत टोपलीच्या चाकाला लावलं आणि दोन्ही सुतांतलं अंतर पुढून, मधून, मागून तपासलं. केसाचाही फरक नव्हता. ओळंबा लावला, गाडी उभी, चाक उभं. असं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

माळावर चाचणी घ्यायची होती. अक्काच्या वजनाची ज्वारी टोपलीत घालायची ठरली.

"दीड पोतं," मालक म्हणाले.

"दीड?" दारातून आवाज आला. "एक बास की!"

"जादा असल्यालं बरं."

गाडी सुरू झाली, दहा हात सरळ गेली आणि मग सावकाश डावीकडे वळत वळत निवडुंगाच्या कुंपणात घुसली. मालक उठले, काटे उपटले, पुन्हा सुरू केली. पुन्हा डावीकडे. तिसऱ्या वेळी ते सगळा जोर लावून हँडल उजवीकडे ओढत होते आणि गाडी त्यांना ओढत कुंपणाकडे नेत होती.

"सरळ हाय!" ते ओरडत होते. "सूत लावून बघितलंय! सरळ हाय, मग वाकडी का जायलीय?"

त्यांनी सगळं सोडलं, पुन्हा सूत लावलं, आणखी काटेकोर बसवलं. दुसऱ्या दिवशी गाडी निवडुंगात आणखी डौलानं शिरली. त्यांचे हात खांद्यातून आखडले. ते जेवेनात. मोजणीला पाच दिवस उरले.

मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि मी तोंड उघडलं नव्हतं. तिसरीत शाळा सोडलेला, दोरखंडाच्या गाठी मारणारा माणूस. तीस वर्षं लोखंडात काढलेल्या फिटरला काय सांगणार? शिवाय ज्यानं माझी सुकट गाडीवर मिरवली त्याला चारचौघांत चूक म्हणायचं? खोली गेली तर जायचं कुठे? मी भाकरीचा एकच घास चावत बसायचो.

अक्कानं पकडलं. "तम्मा, दोन दिस झालं तुझा घास अडकायलाय. पोटात काय हाय?"

घाबरलो की माझ्या तोंडी गावची बोली येई. "अक्का, ता सरळ आसा म्हणानच वाकडा जाता," मी म्हणालो.

"काय?"

मग मी सांगितलं. आमच्याकडे होडीला एका अंगाला उलांडी असते. लांब आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला लाकडाचा ओंडका. तो पाण्यावर तरंगतो आणि होडी कलंडू देत नाही. पण ओंडका एकाच अंगाला, त्याला पाणी अडतं, म्हणून होडी सारखी त्या अंगाला वळायला बघते. माझे वडील उलांडी सरळ बांधत नसत. तिचं पुढचं नाक बोटभर होडीकडे वळवत. मग होडी सरळ जाई.

अक्कानं शेवटचा शब्द ऐकायच्या आत हाक मारली, "अहो! हिकडं या! ह्यो काय म्हणतोय ऐका!"

मी भाकरी ताटात ठेवली. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "पाण्यातलं रस्त्यावर कसं चालंल?" ते म्हणाले. रागानं नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यानं मला धीर आला. मी बाभळीच्या काटक्यांची होडी केली, तिला सुतानं उलांडी बांधली, मागच्या हौदात सोडली आणि नाकाला दोरा लावून ओढली. सरळ बांधलेली उलांडी; होडी वळून हौदाच्या काठाला लागली. मग नाक किंचित आत घेतलं. होडी हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीरासारखी गेली.

मालकांनी दोरा माझ्या हातातून घेतला. त्यांनी ती होडी वीसेक वेळा ओढली. अक्का दारातून विचारत होती, "काय झालं? गेली काय? सरळ गेली काय?" ते दोरा ओढतच होते. शेवटी ते हौदाच्या काठावर बसले.

"किती आत घ्यायचं?"

"बोटभर."

"कुणाचं बोट?"

"माझ्या वडिलांचं."

"वडील उंचीनं किती?"

"माझ्याएवढेच."

"हात दाव." त्यांनी माझं बोट कंपासपट्टीनं मोजलं.

मग ते गाडीकडे गेले आणि चारही बांगड्यांचे बोल्ट ढिले केले. लोखंड चामड्यावर सरकलं. टोपलीच्या चाकाचं नाक बोटभर आत आलं. मी भीत भीत म्हणालो, होडी स्वतःही उलांडीच्या उलट बाजूला जराशी कललेली असते. तर त्यांनी डोळे मिटून गाडीही उजवीकडे किंचित कलवली. बोल्ट आवळून झाल्यावर एकदम त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मोठ्यांदा हसले. वर्कशॉपच्या लोकांना ऐकू जावं इतक्या मोठ्यांदा.

"भोकं पाडली असती तर? आँ? हलली असती काय बोटभर? जन्माची सरळ ऱ्हायली असती, निवडुंगात!"

माळावर गाडी दीड पोतं ज्वारी घेऊन सरळ गेली. मालकांनी एकदा दोन्ही हात हँडलवरून काढले. तरीही सरळ. मग त्यांनी खिशातला ओळंबा काढून अक्काच्या हातात दिला आणि म्हणाले, मोजणी होईस्तवर मला हे दाखवू नको, नाहीतर मी गाडीला लावून बघीन.

मोजणीच्या दिवशी मी गिरणीत रजा मागितली. तोवर मी कधी मागितली नव्हती. मुकादमानं कारणही विचारलं नाही. अक्का हिरवं इरकल नेसली, टोपलीत गोधडी घालून बसली, आणि वाऱ्याला म्हणून साहेबाचा, गाडीबरोबर आलेला काळा चष्मा पदराखाली चढवला. मी मागच्या बैठकीवर, हातात कुदळ, खांद्यावर दोर. गल्लीतून निघालो तेव्हा बायका दारात आल्या. एकीनं विचारलं, "अक्का, भ्या वाटत न्हाय?" अक्का म्हणाली, "भ्या त्याला वाटू दे, ज्याच्याकडं मी निगालेय."

सहा मैल गाडी रस्त्याच्या मधोमध गेली. खड्डा आला की मालक थांबत, अक्का म्हणे, "साकू, साकू, किती जपता? बास! चला की."

मोजणीदार बाभळीखाली बसून ताक पीत होता. ताक चुलतभावाच्या घरचं होतं. गाडीचा आवाज ऐकून दोघांनी वर पाहिलं. धूळ खाली बसली तेव्हा टोपलीत काळ्या चष्म्याची बाई होती.

"अक्का?" चुलतभाऊ उठून उभा राहिला. "तू कशी?"

"तूच बोलावलंस न्हवं? चार माणसांत?" तिनं चष्मा काढला. "चला हो, आत घ्या गाडी."

ज्वारी काढून झालेली होती, रान मोकळं होतं. मालकांनी गाडी सरळ शेतात घातली. अक्का एकदा डावीकडे बघे, एकदा पुढे. तिकडे मठाचा कळस होता, इकडे विहिरीच्या काठामागे जुनी चिंच. कळस वेशीच्या कमानीवर बरोबर बसला पाहिजे आणि चिंचेचं खोड विहिरीच्या कोपऱ्याला चिकटलं पाहिजे, त्या जागी तिच्या वडिलांनी तिला उभं केलं होतं. मी चमकलो. आमच्याकडे समुद्रातला खडक असाच शोधतात, किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवून. हे सांगून कुणाला कळणार नव्हतं, तिथे डोळेच न्यायला हवे होते. आणि टोपली इतकी बुटकी होती की त्यात बसलेल्या अक्काचे डोळे जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर होते, जेवढे नऊ वर्षांच्या मुलीचे असतात.

"पुढं. आणखी. थांबा! मागं, हातभर. तम्मा, हितं. माझ्या चाकाच्या म्होरं. खण."

मी खणलं. माती, मुरूम. गुडघाभर खड्डा झाला, काही नाही. चुलतभाऊ लोकांकडे वळून हसला. "म्हातारीला काय काय आठवतंय बघा." मोजणीदारानं घड्याळ पाहिलं. मालक गाडीवर बसून होते, हँडल दोन्ही हातांत घट्ट. अक्कानं पुन्हा एकदा कळस पाहिला, चिंच पाहिली.

"आणखी खण," ती एवढंच म्हणाली.

पुढच्या घावाला कुदळ काळी होऊन आली. कोळसा. मी हातानं माती उपसली. कोळशाखाली घडीव दगड होता, त्यावर छिन्नीनं कोरलेली फुली.

मोजणीदार स्वतः खड्ड्यात उतरला. त्यानं फुलीवर बोट फिरवलं आणि साखळी धरणाऱ्या माणसाला हाक मारली. साखळी तिथून ताणली. विहीर पुरी अठरा पावलं आत होती, अक्काच्या बाजूला.

"बरं," चुलतभाऊ खाली बघून म्हणाला.

"बरं न्हाय," अक्का म्हणाली. "सही."

त्यानं सही केली. अक्कानं दौत स्वतः धरली होती.

मला वाटलं, आता घरी. पण अक्का चार वर्षांनी माहेरच्या शिवारात आली होती. तिनं गाडी गावात घ्यायला लावली आणि एकेका दारासमोर थांबवून हाक मारली, "मी आलेय. भाईर ये!" आजारपणात कोण भेटायला आलं, कोण आलं नाही, सगळं तिच्या ध्यानात होतं; न आलेलीच्या दारात ती जास्त वेळ थांबली. बायका धावत आल्या, तिला मिठ्या मारायला टोपलीवर वाकल्या. प्रत्येकीनं तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. एकीनं शेंगा दिल्या. एका म्हातारीनं घरामागचा कोहळा आणला, लहान पोराएवढा, आणि तो न्यावाच लागेल म्हणाली. टोपलीत जागा उरली नाही, जाळीत उरली नाही. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बैठकीवरून उतरलो. माझ्या जागेवर कोहळा बसला, मालकांनी तो माझ्याच दोरानं बांधला. "सावकाश ये," ते म्हणाले, आणि गाडी धूळ उडवत गेली. अक्काचा हिरवा पदर बराच वेळ दिसत राहिला.

मी चालत निघालो. सहा मैल, ऊन मावळतीकडे कललेलं. वेशीबाहेरच्या पहिल्या वस्तीशी पोचतो तोच एक बाई तांब्या घेऊन रस्त्यात आली.

"तुमी कोकणातलं काय? कुदळवालं?"

हो म्हणालो.

"आत्ता टोपलीतनं एक बाई गेली. म्हणाली, मागनं आमच्या घरचा माणूस चालत यायलाय, त्याला पाणी द्या."

मी पाणी प्यायलो. पुढे अर्ध्या मैलावर मळ्यात मोट धरलेला माणूस बैल थांबवून ओरडला, "ओ कोकणी पाव्हणं, पाणी!" पुढे मेंढ्या घेऊन बसलेला धनगर, पुढे रस्त्याकडेची गुऱ्हाळवाली, पुढे सडक दुरुस्त करणारे मजूर, पुढे गावाच्या तोंडाशी चहाचं दुकान. अक्कानं एकालाही सोडलं नव्हतं. सोलापूर येईपर्यंत मी सहा ठिकाणी पाणी प्यायलो. तहान पहिल्याच ठिकाणी भागली होती.